बंड्या चुगली करतो का? एका घरातल्या रोबोचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका घरातलं आहे. घरच्यांना आणि मावशींना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, माणसांची नावं घेतलेली नाहीत, फक्त रोबोचं नाव खरं ठेवलंय कारण ते बदललं असतं तर आजी माझ्याशी बोलल्या नसत्या. लोक घरातली यंत्रं प्रत्यक्षात कशी वापरतात ते जाऊन बघायचं हे माझं काम, कंपनीला वाटतं लोक असं वापरतात आणि लोक भलतंच काहीतरी करत असतात, त्या भलत्याच्या नोंदी मी ठेवते. इथे मात्र कामासाठी गेले नव्हते. वहिनींचा फोन आला, "तू असलंच काहीतरी करतेस ना, मग एकदा ये, आमच्या मावशी काम सोडतायत, झाडूवाल्या रोबोमुळे."

पार्श्वभूमी

घरात चौघं. आजी 76 वर्षांच्या, त्यांचा मुलगा म्हणजे दादा, सून म्हणजे वहिनी, आणि नात तिसरीत. दोघं नोकरीला, नात शाळेत, त्यामुळे दुपारी आजी एकट्या. मावशी 11 वर्षांपासून झाडू-फरशी आणि भांडी करतायत, नात जन्माला आली तेव्हा तिला पहिल्यांदा तेल लावून न्हाऊ त्यांनीच घातलं होतं, म्हणजे नुसत्या कामवाल्या नाहीत, पण घरच्याही नाहीत. या मधल्या जागेला मराठीत शब्द नाही आणि अर्धी भांडणं तिथेच होतात.

दिवाळीच्या सेलमध्ये दादांनी रोबो व्हॅक्यूम घेतला. गोल थाळीसारखा, डोक्यावर एक छोटी टोपी, त्या टोपीत लेझर गोल फिरत असतो आणि भिंती, खुर्च्या, पाय किती लांब आहेत ते मोजून घराचा नकाशा करतो. कॅमेरा नाही. खालच्या बाजूला कडेकडेने इन्फ्रारेड सेन्सर, जिन्यावरून पडू नये म्हणून: खाली प्रकाश सोडायचा, परत आला तर फरशी आहे, नाही आला तर खड्डा आहे. अडकला की बाईच्या आवाजात इंग्रजीत मदत मागतो. बाईचा आवाज असूनही आजींनी त्याचं नाव ठेवलं बंड्या. नातीने त्याला कागदाचे दोन मोठे डोळे चिकटवले. हे डोळे लक्षात ठेवा, त्यांच्यावरून मी पुढे माती खाल्ली.

पहिले दोन महिने मजेत गेले. मला सगळ्यात आवडलेला किस्सा घोंगडीचा. देवघरासमोर आजींची जुनी काळी घोंगडी अंथरलेली असते, जपाला बसायला. बंड्या सगळीकडे फिरायचा पण घोंगडीपाशी आला की थबकायचा, जरासा मागे सरायचा आणि वळून जायचा. रोज. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवून दाखवायच्या, "बघा, त्याला कळतं. चपला घालून देवघरात शिरणारी माणसं आहेत आपल्याकडे, पण हा घोंगडीला पाय लावत नाही." खरं कारण असं की काळा रंग इन्फ्रारेड गिळतो, प्रकाश परत येत नाही, म्हणून घोंगडी त्याच्या लेखी विहीर आहे. पण तो थबकतो, मागे सरतो, वळतो, हा क्रमच असा आहे की बघणाऱ्याला संकोच दिसतो. मलाही दिसला, कारण माहीत असूनसुद्धा.

अडचण

मावशींचं त्याच्याशी पहिल्यापासून पटलं नाही. सुरुवातीला त्या "ते मशीन" म्हणायच्या. वहिनींनी फोनवर ठेवलेले मावशींचे व्हॉइस मेसेज मी नंतर त्यांच्याच परवानगीने ऐकले, आणि त्यात एक गोष्ट फार स्पष्ट ऐकू येते. नोव्हेंबरमध्ये "ते मधे मधे येतं". डिसेंबरमध्ये "ते माझ्या मागं मागं फिरतं". जानेवारीत "तो बघत बसतो माझ्याकडं". ते चं तो झालं. इंग्रजीत माणसाला आणि वस्तूला वेगळी सर्वनामं आहेत म्हणून तिकडचे अभ्यासक त्यावर लक्ष ठेवतात, आपल्याकडे खुर्चीसुद्धा ती आणि पंखासुद्धा तो, त्यामुळे मराठीत हे पकडणं अवघड जातं, पण एकच माणूस एकाच वस्तूचं लिंग बदलतो तेव्हा आत काहीतरी हललेलं असतं.

तक्रारी तीन होत्या. एक, तो मागे मागे फिरतो. दोन, मी झाडलेल्या जागी परत येऊन तपासतो. तीन, ताईंना, म्हणजे वहिनींना, सांगतो.

पहिल्या दोन मी डोळ्यांनी बघितल्या. मावशी साडेदहाला येतात, हॉलपासून सुरू करतात. बंड्याची वेळ अकराची, त्याचा चार्जिंगचा डॉकही हॉलमध्ये, तोही तिथूनच सुरू करतो. म्हणजे दोघं कायम अर्ध्या तासाच्या अंतराने एकाच मार्गावर. त्यात मावशी बादली ठेवून उभ्या असल्या की तेवढी जागा त्याला अडथळा म्हणून दिसते, तो वळसा घालून पुढे जातो, आणि राहिलेला तुकडा त्याच्या नकाशावर बाकी असतो म्हणून नंतर तिथेच परत येतो. आता हे मावशींच्या जागी उभं राहून बघा: मी इथे झाडत होते तेव्हा हा आला, मला बघून बाजूला झाला, मी हलल्यावर बरोबर त्याच जागेवर येऊन फिरून गेला. हे तपासणं नाही तर काय आहे? शिवाय ओल्या फरशीवरून गेला की चाकांचे पट्टे उठतात, ते परत मावशींनीच पुसायचे.

1944 मध्ये अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक अडीच मिनिटांची फिल्म दाखवून लोकांना फक्त काय दिसलं ते लिहायला सांगितलं होतं. फिल्ममध्ये दोन त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि एक उघडझाप होणारा चौकोन, एवढंच. 34 जणांपैकी एकीनेच त्रिकोण हलला, वर्तुळ हललं असं भूमितीच्या भाषेत लिहिलं, बाकी बहुतेकांना मोठा त्रिकोण दादागिरी करताना दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं. त्रिकोणांना ना तोंड ना डोळे. कोण कुणाच्या मागे गेलं, कोण कधी थांबलं, एवढ्यावरच माणूस गोष्ट उभी करतो. म्हणून मावशींना अडाणी समजण्यात काही अर्थ नाही, त्यांच्याजागी प्रोफेसर असते तरी हेच झालं असतं.

आणि आपली भाषा तर याला कायमच तयार असते. कडी लागत नाही म्हणतेय. स्कूटर चालू व्हायचं नाव घेत नाही. मिक्सरने राम म्हटला. पावसाळ्यात दार फुगून बसतं आणि गाडी थंडीत रुसते. हे आपण म्हणतो तेव्हा कुणी खरं धरत नाही. पण खरं धरणं आणि न धरणं यांच्यामध्ये भिंत नाहीये, उतार आहे, आणि मावशी दोन महिन्यांत त्या उतारावरून खाली आल्या, त्यांना ढकलणारी गोष्ट तिसरी तक्रार होती.

जानेवारीतला एक दिवस. वहिनी ऑफिसात. संध्याकाळी फोनवर सहज म्हणाल्या, "मावशी, आज बेडरूम राहिली का हो?" राहिली होती. दार बंद होतं कारण आत आजी झोपल्या होत्या. पण मावशींच्या डोक्यात एकच आलं: घरात फक्त आजी, त्या झोपलेल्या, मग ताईंना कळलं कसं? वहिनींनी फोनमधल्या रोबोच्या ॲपवर नकाशा बघितला होता, त्यात बेडरूमचा भाग कोरा होता. त्यांना वाटलं दोघांपैकी कुणीच तिथे गेलं नाही, म्हणून विचारलं, वाईट हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "मी एक तारखेपासून येत नाही. घरात चुगलखोर ठेवलाय तुम्ही."

त्यावर दादांनी आणि वहिनींनी मिळून जे केलं ते या प्रकरणातलं सगळ्यात महाग पडलेलं वाक्य. ते म्हणाले, "अहो मावशी, ते मशीन आहे, त्याला काय कळतंय."

हे वाक्य खरं होतं. आणि मावशींनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. बंड्याला काही कळत नाही, बरोबर, पण बेडरूम कोरी राहिल्याची बातमी बंड्याकडून वहिनींच्या फोनवर गेली होती की नाही? गेली होती. मावशींनी हेतू चुकीच्या ठिकाणी चिकटवला होता, पण हेतू होता, लक्ष ठेवणं होतं, फक्त ते थाळीत नव्हतं, फोनच्या मागे होतं. मावशी मला नंतर जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय: "केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो, पाय लागला तर नमस्कार करतो. पण केरसुणी कुणाला फोन करत नाही ना."

दोन प्रकारचं मन

इथे थोडं थांबते, कारण आजी आणि मावशी दोघीही बंड्याला जिवंत मानत होत्या असं म्हणून सोडून दिलं तर गल्लत होते. दोघींनी त्याला वेगवेगळं मन दिलं होतं. आजी म्हणायच्या त्याला भूक लागली, म्हणजे चार्जिंग संपलं, तो दमला, सोफ्याखाली एकटा अडकला तर घाबरला असेल. मावशी यातलं एकही कधी बोलल्या नाहीत. त्यांचा बंड्या बघतो, लक्षात ठेवतो, डाव धरतो, सांगतो.

2007 मध्ये हेदर ग्रे, कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी हजारोंनी भरलेल्या ऑनलाइन सर्व्हेतून हेच बघितलं होतं. बाळ, कुत्रा, मोठा माणूस, देव, मेलेला माणूस, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला किस्मेत नावाचा रोबो, अशा 13 जणांची तुलना करायला लावली, आणि लोकांच्या डोक्यात मन ही एक गोष्ट नसून दोन मापं आहेत असं निघालं. एक सोसण्याचं, भूक, भीती, दुखणं. दुसरं करण्याचं, ठरवणं, लक्षात ठेवणं, आखणं. बाळाला पहिलं भरपूर, देवाला दुसरं भरपूर. रोबोला सोसण्याचं माप जवळजवळ शून्य आणि करण्याचं मधलं. म्हणजे मावशींचं मत जगासारखं आणि आजी वेगळ्या निघाल्या. आजी दुपारी एकट्या असतात हे इथे परत आठवावं. निकोलस एप्ली, अॅडम वेट्झ आणि जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी, योगायोगाने 2007 मध्येच, माणूस वस्तूला माणूस का करतो याची जी कारणं मांडली त्यात सोबतीची गरज एक आहे आणि समोरच्याचं वागणं उलगडत नसलं की त्याचा अंदाज बांधता यावा ही गरज दुसरी. आजी पहिल्या कारणाने, मावशी दुसऱ्या. मला हे तेव्हाच दिसायला हवं होतं. नंतर दिसलं.

समोर आलेले पर्याय

दादांचं म्हणणं विकून टाका, ऑनलाइन अर्धे पैसे येतील. आजींनी दोन दिवस अबोला धरला, तो पर्याय तिथेच संपला.

वहिनींचं म्हणणं मावशींना नीट समजावून सांगू. पण समजावणं म्हणजे पुन्हा तेच, त्याला कळत नाही. त्याने मावशींना एवढंच कळलं असतं की आपल्याला वेडं ठरवताहेत.

तिसरा पर्याय वेळ बदलायचा. मावशी बाराला जातात, बंड्याला दोनला सोडा, समोरासमोर यायलाच नको. सोपा, फुकट, एका मिनिटात होणारा. मी पण मान डोलावली.

चौथा माझा, आणि तो मला फार हुशारीचा वाटला होता: डोळे काढायचे. यंत्राला चेहरा दिला की लोक त्यात मन बघतात, मावशी "बघतो" म्हणतात त्याचं मूळ ते कागदी डोळे, काढले की निम्मं काम होईल.

पाचवा, मावशींना ॲप दाखवायचा आणि काय कळतं काय नाही ते खरंखरं सांगायचं. हा पर्याय त्या दिवशी कुणीच पुढे आणला नाही. का, ते सांगते. त्यात वहिनींना कबूल करावं लागणार होतं की हो, मला दिसतं.

काय केलं, आणि काय झालं

डोळे काढले. शाळेतून आल्यावर नात रडली, ते अपेक्षित होतं. आजींचं नव्हतं. त्यांनी बंड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डोळे काढले त्याचे?" हे वाक्य मराठीत केवढं भयंकर आहे ते मला त्या क्षणी ऐकू आलं. मावशींना विचारलं काही फरक वाटतो का, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नातीपेक्षा लहान आहे. "अहो ते कागदाचे होते. मला काय कळत नाही?" अर्थातच कळत होतं. त्यांचा संशय डोळ्यांवर नव्हताच, फोनवर होता, मी मात्र पुस्तकातलं उत्तर घेऊन गेले होते. संध्याकाळी डोळे परत चिकटवले.

वेळ बदलली, दुपारी दोन. मावशी शांत झाल्या, महिना पुढे सरकला, सगळ्यांनी हुश्श केलं. फेब्रुवारीत एका दुपारी बंड्या दिवाणाखाली अडकला आणि मदत मागायला लागला. घरात आजी एकट्या. आजींना इंग्रजी येतं, येत नसतं तरी चाललं असतं, आवाज मदतीचाच होता. त्या वाकल्या, गुडघ्यावर आल्या, हात आत घातला आणि उठताना तोल जाऊन मनगटावर पडल्या. फ्रॅक्चर नाही, पण तीन आठवडे पट्टा.

अडकलेला रोबो तिथेच राहू दिला असता तर काही बिघडलं नसतं, बॅटरी संपून गप्प झाला असता. आजींना हे माहीत होतं. दवाखान्यातून आल्यावर त्याच म्हणाल्या, "माहीत होतं गं, पण हाक मारत होता." 2018 मध्ये जर्मनीत एक प्रयोग छापून आला, 89 जणांना नाओ नावाच्या छोट्या रोबोबरोबर थोडं काम करायला लावलं आणि शेवटी तो बंद करायला सांगितला. त्यातल्या 43 जणांसमोर रोबो म्हणाला मला बंद करू नका, अंधाराची भीती वाटते. 13 जणांनी बंद केलाच नाही. त्यांच्यातही सगळ्यांना माहीत होतं की यंत्र आहे. माहीत असणं आणि हात पुढे जाणं ही दोन वेगळी खाती आहेत, एकातून दुसऱ्यात पैसे आपोआप जात नाहीत.

आमची चूक इथे साधी होती आणि कुणाच्याच लक्षात आली नव्हती: ज्या माणसाचा बंड्यावर संशय होता त्याच्यापासून त्याला लांब नेताना आम्ही त्याला ज्या माणसाचा त्याच्यावर जीव होता तिच्याबरोबर एकटं सोडलं. संशय जास्तीत जास्त एका नोकरीवर बेतणार होता. जिव्हाळ्याने मनगट गेलं.

मग पाचवा पर्याय. मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही चौघी स्वयंपाकघरात बसलो, चहा केला. वहिनींनी फोन मधे ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, मी तुम्हाला खोटं नाही बोलले पण अर्धं बोलले. याच्यातून मला कळतं." मग एकेक दाखवलं. हा नकाशा, ही वेळ, हा कोरा भाग. मावशींचा पहिला प्रश्न: "माझा फोटू येतो का?" या मॉडेलमध्ये कॅमेरा नाही हे सांगितलं आणि नुसतं सांगितलं नाही, बंड्याला चालू करून मावशींना समोर उभं केलं आणि फोन त्यांच्याच हातात दिला. नकाशावर त्यांचे पाय म्हणजे दोन ठिपके. त्या हसल्या, पदर तोंडाला लावून, "एवढीच मी?" फोटोचा प्रश्न भाबडा नव्हता, हे आवर्जून सांगते. एका नावाजलेल्या कंपनीच्या चाचणीतल्या रोबोंनी 2020 मध्ये घरांत टिपलेले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचासुद्धा, सोशल मीडियावर फुटले होते, 2022 च्या शेवटी एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने ते बाहेर काढलं. रोबोला काही कळत नव्हतं तिथेही.

मग बंड्याला उलटा केला, खालचे सेन्सर दाखवले, आणि घोंगडीचं प्रात्यक्षिक केलं. नातीचे ड्रॉइंगचे पांढरे कागद घोंगडीवर ओळीने चिकटवले आणि त्याला सोडलं. थेट वर गेला, न थबकता. मावशी म्हणाल्या, "म्हणजे काळ्याला भितं होय." बघा, ते परत आलं. आणि भितं हा शब्दही चुकीचा नाही, डॅनियल डेनेट नावाचे तत्त्वज्ञ म्हणायचे तसं, यंत्राकडे तीन पायऱ्यांवरून बघता येतं: त्यातलं भौतिकशास्त्र, त्याची रचना कशासाठी केलीय ते, आणि त्याला काय हवंय असं धरून. तिसरी पायरी झटपट कामाची असते, "काळ्याला भितं" म्हटलं की पुढच्या वेळी तो कुठे अडेल ते लगेच सांगता येतं, इन्फ्रारेड समजायची गरज नाही. भानगड तेव्हा होते जेव्हा अंदाज चुकायला लागतात आणि आपण खालच्या पायरीवर उतरायला तयार नसतो, किंवा, या घरात झालं तसं, उतरायला लागणारी माहिती दुसऱ्याच्या फोनमध्ये असते.

सगळं बघून झाल्यावर मावशींनी चहाचा कप खाली ठेवला आणि खरा प्रश्न विचारला. "मग झाडू यानंच मारला तर माझे पैसे?" वहिनी गप्प. झाडू-फरशीचे महिन्याला बाराशे जात होते, आणि दादांनी डिसेंबरमध्ये एकदा, आजींसमोर, मावशी ओट्याशी असताना, म्हटलं होतं की आता झाडूचे पैसे कमी करायला हरकत नाही. मावशींनी ते ऐकलं होतं. तीन महिने बंड्याच्या हेतूबद्दल जे काही चाललं होतं त्याच्या तळाशी हे वाक्य होतं, आणि ते माणसाचं होतं.

वहिनींनी तिथल्या तिथे सांगितलं, पैसे तेच राहतील. शेड्यूल बंद केलं. आता बंड्याचं बटण मावशी दाबतात, आल्या आल्या, हॉल आणि बेडरूम तो करतो तेवढ्यात त्या भांडी उरकतात, कोपरे, गॅलरी आणि फरशी त्यांची. त्या निघताना तो डॉकवर आणि बंद. नकाशाची नोटिफिकेशन वहिनींनी बंद केली, हे मावशींसमोर केलं, त्यांच्याच बोटाने.

आजींसाठी नो-गो झोन, म्हणजे बंड्याने जायचं नाही असा भाग, ॲपमध्ये टाकून पाहिला, पण तो नकाशा दोनदा पुसला गेला, शेवटी सुताराकडून दिवाणाखाली लाकडी पट्टी मारून घेतली. आवाज शून्यावर नेला तर आजी म्हणाल्या मुका का झाला, म्हणून परत सुरू केला. कपडे वाळत घालायची काठी हॉलमध्ये ठेवली, अडकलाच तर उभ्यानेच ओढायचा. ही काठीची युक्ती आजींची स्वतःची, आमच्यापैकी कुणाला सुचली नाही.

निष्पत्ती

सात महिने झाले, मावशी आहेत. बंड्याला त्या आता "माझ्या हाताखालचा" म्हणतात, तो वाट चुकला तर पायाने अलगद वळवतात आणि ओरडतातसुद्धा, "अरे इकडं, इकडं." म्हणजे मन काढून घेतलं गेलं नाही, फक्त हुद्दा बदलला, आधी मुकादम होता, आता हाताखालचा झाला. घोंगडीबद्दल आजींचं मत प्रात्यक्षिकानंतरही तेच आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "सेन्सर आहे ना, बघितलं मी. पण वळतो तर खरा." दसऱ्याला गाडी, मिक्सर, शिलाई मशीन यांच्याबरोबर बंड्यालाही झेंडूचं फूल होतं. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू मात्र फक्त केरसुणीला, ते मावशींनी ठरवलं, आजींनी ऐकलं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं सांगायचं तर मी पहिल्याच दिवशी मावशींशी एकटीने बोलायला हवं होतं. मला बोलावलं वहिनींनी, म्हणून मी प्रश्नही वहिनींचाच धरला: मावशींचा गैरसमज कसा काढायचा. गैरसमज कितपत आहे हे तपासलंच नाही. "तो काय करतो असं वाटतं" याच्याऐवजी "त्याने काय केलं तेव्हा असं वाटलं" एवढा एक प्रश्न विचारला असता तर बेडरूमचा किस्सा जानेवारीतच मिळाला असता आणि डोळ्यांची फजिती टळली असती.

वेळ दोनची करताना दुपारी घरात कोण असतं हे विचारायला हवं होतं. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

दादांना त्या शनिवारी बसवायला हवं होतं. पैशाचं वाक्य त्यांचं, त्याची भरपाई वहिनींनी केली, आणि हे घराघरात होतं तसंच इथेही झालं.

आणि वस्तू घरात येण्याआधी, सेलमध्ये ऑर्डर करायच्या आधी, जिच्या कामाच्या मधे ती येणार आहे तिला विचारायला पाच मिनिटं लागली असती. हे मी वहिनींना बोलले, कारण दादांच्या कार्टमध्ये आता नवीन मॉडेल पडलंय, फरशीही पुसतं आणि वायर ओळखायला पुढे कॅमेरा आहे. या वेळी वहिनींनी मावशींना फोटो दाखवून आधी विचारलं. मावशींनी दोन गोष्टी विचारल्या: फरशीचे पैसे, आणि कॅमेऱ्यातलं कुणाच्या फोनवर जातं. पहिल्याचं उत्तर वहिनींनी लगेच दिलं. दुसऱ्यासाठी दादा कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करून बसलेत.